नारळ, चार सळया आणि नैर्ऋत्येचा उंबर

बावधनमधील आमच्या ६४ सदनिकांच्या सोसायटीने २०२४ च्या फेब्रुवारीत, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने, एकाच कामासाठी दोन माणसांना पैसे मोजले. नवी बोअर कुठे घ्यावी, एवढेच त्यांनी सांगायचे होते. पहिले गृहस्थ मुळशीकडचे पाणाडे. ते नारळ घेऊन आले. दुसऱ्या बाई भूजलशास्त्रज्ञ. त्या चार पोलादी सळया, तारेची रिळे आणि एक यंत्र घेऊन आल्या. कार्यकारिणीचा सचिव या नात्याने दोन्ही वेळा मी पूर्ण वेळ हजर होतो आणि दोन्ही बिले मीच मंजुरीला ठेवली. गेल्या वर्षभरात परिसरातील तीन-चार सोसायट्यांनी 'तुम्ही कोणाला बोलावले होते आणि कसे वाटले?' अशी विचारणा केली, तेव्हा प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवणे बरे, असे ठरवले. नावे देत नाही, कारण प्रश्न या दोन व्यक्तींचा नसून पाणी शोधून देणाऱ्या दोन प्रकारच्या सेवांचा आहे.

दोघांना का बोलावले, याला एक पूर्वेतिहास आहे. २०१८ मध्ये तेव्हाच्या कार्यकारिणीने एका वास्तुसल्लागाराच्या सांगण्यावरून ईशान्य कोपऱ्यात बोअर घेतली होती. ईशान्येला पाणी असावे, नैर्ऋत्येला कदापि नसावे, हा नियम त्यांनी नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढून समजावला होता. ३१० फुटांपर्यंत बोअर खोदणारी गाडी चालली आणि बाहेर काय आले, तर काळ्या दगडाची कोरडी भुकटी. त्यानंतर जे स्पष्टीकरण मिळाले ते मी सभेच्या इतिवृत्तात शब्दशः नोंदवले आहे: जागा बरोबर होती, पण गाडी लावण्यापूर्वी भूमिपूजन झाले नाही. पूजा झाली असती आणि तरीही भुकटीच आली असती, तर कोणते कारण सांगितले गेले असते, हे विचारण्याची संधी मला मिळाली नाही. पुण्याच्या सोसायट्यांत अशा प्रसंगी इतिहासही मदतीला धावतो. आमच्या एका सभासदांनी तर 'खालून पेशव्यांचा नळ जातो, त्याला धक्का लागेल म्हणून देवानेच वाचवले' असे भर सभेत सांगितले. पेशव्यांचा नळ कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे जातो, बावधनच्या वाटेला तो कधीच आलेला नाही, हे त्यांना नकाशा दाखवूनही पटले नाही.

या वेळी मात्र सभा दोन तट पडून बरोबर निम्म्यावर अडली. ज्येष्ठ सभासदांना पाणाडे हवे होते. तरुण मंडळींना शास्त्रीय सर्वेक्षण हवे होते. तोडगा म्हणून दोन्ही करावे असे ठरले. दोघांनाही एकमेकांबद्दल काही सांगायचे नाही, जुन्या बोअरची जागा दाखवायची पण तिचा निकाल सांगायचा नाही, अशा दोन अटी मी घातल्या. त्या पाळल्या गेल्या, याचे श्रेय सभासदांच्या शिस्तीपेक्षा आमच्या वॉचमनच्या अबोलपणाला अधिक आहे.

पाणाडे काका सकाळी साडेसात वाजता आले. वय सत्तरीच्या आसपास, पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी. मोबदला ५,१०० रुपये, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, नारळ आपला. त्यांनी चहा घेतला, 'ताई, साखर कमी' असे सांगून दुसरा कपही घेतला, आणि मग लगेच काम सुरू करण्याऐवजी अर्धा तास नुसते आवारात हिंडले. कुंपणाच्या भिंतीपलीकडे डोकावले. पूर्वी इथे ओढा होता का, असे विचारले. होता, बिल्डरने भराव घालून तो बुजवला आणि पावसाचे पाणी पाइपातून राम नदीकडे सोडले. नैर्ऋत्य कोपऱ्यातील जुन्या उंबराच्या बुंध्यावर त्यांनी हात फिरवला. हा अर्धा तास मला त्या दिवशी वेळेचा अपव्यय वाटला होता. आज विचाराल तर त्यांच्या सेवेतील पैसे देण्याजोगा भाग तेवढाच होता असे मी म्हणेन.

त्यानंतर त्यांनी शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि संथ पावलांनी आवार ओलांडायला सुरुवात केली. ज्या ठिकाणी खाली पाणी असते तिथे नारळ आपोआप उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे. उंबरापासून साधारण पंधरा फुटांवर नारळ खरोखर उभा राहिला. त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिशेनेही चालून पाहिले आणि दर वेळी नारळ त्याच भागात, चार फुटांच्या आत उभा राहिला. चुन्याने खूण केली. पाणी १२० फुटांवर, तीन इंची (बोअरच्या पाण्याचा जोर इंचांत सांगतात), आणि बारमाही, असे त्यांनी निःशंकपणे सांगितले. बाल्कनीतून पाहणाऱ्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात वास्तुशास्त्राचे अभिमानी असलेल्या एका सभासदांनी नैर्ऋत्येला पाणी निषिद्ध असल्याची आठवण करून दिली. काकांनी शांतपणे उत्तर दिले, 'साहेब, पाण्याला दिशा कुणी शिकवल्या?' दोन परंपरा आमनेसामने आल्या की सभासदांना कोणाच्या बाजूने उभे राहावे हे कळेनासे होते. विज्ञानाविरुद्ध एकजूट असणाऱ्या तटाला मी त्या दिवशी प्रथमच आपसात वाद घालताना पाहिले.

ही विद्या त्यांना कशी लाभली, हे मी विचारले. ते पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी आणि गुप्तधन कळते, ही समजूत आपल्याकडे खेडोपाडी आहे. पायाळूवर वीज पडते, ही तिचीच दुसरी बाजू. पावसाळ्यात लहानपणी आई घराबाहेर पडू देत नसे, असे त्यांनी सांगितले, आणि ते सांगताना त्यांचा आवाज थोडा हलला. वीज पडायची ती उंच झाडावर, मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसावर पडते. त्याचा जन्म कसा झाला याची चौकशी ती करत नाही. शिवाय पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत तीन-चार बाळे डोक्याऐवजी कुल्ल्याकडून किंवा पायाकडून येण्याच्या स्थितीत असतात. तेवढ्या सर्वांना पाणी दिसत असते, तर पुणे महानगरपालिकेला टँकरच्या निविदा काढाव्या लागल्या नसत्या.

यानंतर मी त्यांना एक विनंती केली, आणि त्यांनी ती कुरकुर न करता मान्य केली याबद्दल त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. डोळ्यांवर उपरणे बांधून, आम्ही हात धरून नेऊ त्या दिशेने, त्यांनी पुन्हा तीन वेळा आवार ओलांडावे. त्यांनी उपरणे स्वतःच घट्ट बांधून घेतले. या तीन फेऱ्यांत नारळ तीन निरनिराळ्या ठिकाणी उभा राहिला. टोकाच्या दोन खुणांमधील अंतर मी टेपने मोजले, ते ६१ फूट भरले. उंबराजवळच्या चुन्याच्या खुणेवरून ते दोनदा गेले आणि नारळ आडवाच राहिला. आवारात साठ हजार लिटरची भूमिगत टाकी आहे, त्या दिवशी ती भरलेली होती. तिच्यावरूनही ते चालले, काही झाले नाही. डोळे सोडल्यावर त्यांनी खुणा पाहिल्या, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की टाकीतले पाणी मेलेले असते, नारळाला वाहते पाणीच कळते; आणि डोळे बांधले की देवाची परीक्षा घेतल्यासारखे होते, ते त्याला आवडत नाही.

ते लबाडी करत होते असे मला क्षणभरही वाटले नाही, आणि ज्यांनी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिलेला नाही त्यांनी तसे गृहीत धरू नये. नारळ आपण उभा करत नाही, तो स्वतः उभा राहतो, हा त्यांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा आहे. तळहातावरचा गोल, जड नारळ मुळातच अस्थिर असतो. बोटांची जाणवणारही नाही इतकी हालचाल त्याला उभा करायला पुरते. मनात जी अपेक्षा आहे तिच्यानुसार स्नायू आपल्या नकळत हलतात, या गोष्टीचे स्पष्टीकरण विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडले होते. त्याच्याही आधी, १८३३ मध्ये, शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोऱ्याला टांगलेल्या लंबकाबाबत हेच दाखवून दिले होते: धरणाऱ्याला खालची वस्तू दिसत असेल तोवर लंबक हलतो, डोळे बांधले की त्याचे झोके विरतात. आमच्या पार्किंगमध्ये घडले ते यापेक्षा वेगळे नव्हते. डोळे उघडे असताना काकांना उंबर दिसत होता, बुजवलेल्या ओढ्याची खोलगट रेषा दिसत होती, आणि चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव पाणी इथेच असणार असे त्यांना सांगत होता. ते त्यांच्या बोटांनी नारळाला सांगितले.

एका माणसाच्या तीन फेऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हा आक्षेप आमच्या सभेतही आला आणि तो रास्त आहे. अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर झालेल्या आहेत. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका दुमजली कोठारात पाण्याचा पाइप ठेवलेली गाडी तळमजल्यावर हवी तिथे सरकवायची आणि वरच्या मजल्यावर पाणाड्याने तिची जागा ओळखायची, असा प्रयोग झाला. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या घेण्यात आल्या. प्रयोग करणाऱ्यांनी त्यातील मोजक्या काही जणांना खरोखर शक्ती असल्याचा निष्कर्ष काढला. पण १९९९ मध्ये जिम एनराइट या शास्त्रज्ञाने त्याच आकड्यांची फेरतपासणी करून दाखवले की हे निकाल अंदाजपंचे मिळणाऱ्या निकालांहून वेगळे नाहीत, आणि जे एका फेरीत सर्वोत्तम ठरले त्यांना पुढच्या फेरीत तसे यश टिकवता आले नाही.

भूजलशास्त्रज्ञ मॅडम नऊ दिवसांनी आल्या. शुल्क १६,००० रुपये अधिक जीएसटी. त्यांच्या सेवेबद्दल माझ्या तक्रारी आहेत आणि त्या पुढे सांगतो, परंतु कामाची पद्धत आधी सांगणे योग्य. त्यांनीही यंत्र लगेच बाहेर काढले नाही. आधी शेजारच्या दोन सोसायट्यांच्या बोअर आणि खालच्या अंगाच्या एका जुन्या विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजली, मे महिन्यात ती कुठवर जाते याची चौकशी केली, आणि चांदणी चौकाच्या बाजूला रस्त्यासाठी कापलेला खडक मला नेऊन दाखवला. आपल्या पायाखाली जे आहे ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर आहेत. महाराष्ट्राचा साधारण चार पंचमांश भाग याच बेसाल्टवर उभा आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, ज्याला गाडीवाले काळा पाषाण म्हणतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. घट्ट पाषाणात पाणी राहायला जागाच नसते. पाणी असते ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात, दोन थर जिथे टेकतात तिथल्या फटींत आणि खडकाच्या भेगांत. बुडबुड्यांच्या पोकळ्याही सगळ्याच रिकाम्या नसतात. पुष्कळ ठिकाणी त्या झिओलाइट खनिजांनी भरून गेलेल्या असतात. वाघोलीच्या खाणींतले निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना हवे असते ते अशाच पोकळ्यांतून निघालेले. संग्राहकाला जे रत्न, ते बोअर घेणाऱ्याच्या दृष्टीने बुजलेले भोक, हे मला मॅडमनी सांगितलेले वाक्य फार आवडले.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. चार सळया एका सरळ रेषेत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती विद्युतदाब पडतो ते मोजायचे. बाहेरच्या सळया जितक्या दूर न्याव्या तितका प्रवाह खोलवर जातो. त्यावरून जमिनीचा रोध किती हे काढता येते: कोरडा घट्ट पाषाण विजेला कडाडून विरोध करतो, पाण्याने भरलेला मांजऱ्या किंवा मुरूम बराच कमी. परंतु चिकणमातीचा रोधही कमीच असतो, त्यामुळे कमी आकडा दिसला म्हणजे पाणी सापडलेच असे होत नाही, आणि हे मॅडमनी आम्ही न विचारता सांगितले. शहरात ही पद्धत वापरण्याची मोठी अडचण म्हणजे जागा. सळया लांबवर न्यायला मोकळी सरळ रेषा हवी; आमच्याकडे ती फक्त कुंपणालगतच्या रस्त्यावर मिळाली आणि तिथेही ठिकठिकाणी पेव्हर ब्लॉक उचकटून, सळयांच्या मुळाशी मिठाचे पाणी ओतून काम करावे लागले. ट्रान्सफॉर्मरजवळच्या एका जागी आकडे विचित्र आले. खालून वीजवाहिनी आणि लोखंडी पाइप जात असल्यामुळे हे मोजमाप विश्वासार्ह नाही, असे सांगून त्यांनी ते आमच्यासमोर रद्द केले, आणि अहवालातही 'रद्द' म्हणूनच नोंदवले. सोळा हजार रुपयांत मला सर्वांत मोलाची वाटली ती ही एक ओळ.

आता तक्रारी. आठ दिवसांत देतो म्हटलेला अहवाल एकोणतिसाव्या दिवशी आला. बारा पानांपैकी सात पाने महाराष्ट्राच्या भूशास्त्राची सर्वसाधारण माहिती होती, जी कोणत्याही गावाच्या अहवालाला तशीच चिकटवता येईल. सगळा मजकूर इंग्रजीत. सभासदांसाठी दोन पानांचा मराठी गोषवारा हवा, हे मला दोनदा कळवावे लागले. ज्या सेवेचा दावा समजावून सांगण्याचा आहे तिने समजेल असे लिहू नये, ही गोष्ट किरकोळ नाही. काकांनी दहा मिनिटांत, उभ्या उभ्या, आमच्या भाषेत निकाल सांगितला होता. सभेतील अर्ध्या लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो यामुळेही. महाराष्ट्र शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय याच पुण्यात असताना सामान्य सोसायटीच्या सचिवाला आपल्या जमिनीखाली काय आहे हे मराठीत वाचायला मिळू नये, याचे वाईट वाटते.

अहवालातील मजकूर मात्र नेमका होता. ईशान्य कोपऱ्यात दहा फुटांखाली सलग घट्ट पाषाण, तिथे पुन्हा खर्च करू नये. (२०१८ चा निकाल त्यांना ठाऊक नव्हता.) आमच्या भूखंडाचा तोच कोपरा सर्वांत उंच आहे, वास्तूच्या पुस्तकातील नियमाला आमच्या जमिनीचा उतार माहीत असण्याचे कारण नव्हते. दोन जागा सुचवल्या होत्या. पहिली जागा पार्किंगच्या खांबांमुळे गाडी पोहोचणार नाही अशी निघाली. दुसरी जागा नैर्ऋत्येला, बुजवलेल्या ओढ्याच्या रेषेवर; काकांच्या चुन्याच्या खुणेपासून २७ फुटांवर.

हे अंतर मी सभेत वाचून दाखवले तेव्हा दोन्ही तटांनी विजय साजरा केला. नारळाने जे दहा मिनिटांत सांगितले ते यंत्राने महिनाभराने सांगितले, असे एका बाजूचे म्हणणे. आणि ते वरवर पाहता खोटे ठरवता येत नाही. पण डोळे बांधलेल्या तीन फेऱ्या ज्यांनी पाहिल्या होत्या त्यांना हे कबूल करावे लागले की जागा नारळाने सांगितली नव्हती. उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन यांसारखी झाडे ओल असलेल्या जागी वाढतात, ओढ्याच्या जुन्या रेषेखाली खडक अधिक झिजलेला आणि भेगाळलेला असण्याचा संभव असतो. काकांनी नजरेने टिपलेली चिन्हे आणि मॅडमनी सळयांनी मोजलेला रोध, दोहोंच्या मुळाशी कारण एकच होते.

आमच्यातले संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक या चर्चेत वराहमिहिराची बृहत्संहिता घेऊन आले, आणि त्या पुस्तकामुळे वादाचा नूर पालटला. सहाव्या शतकातील या ग्रंथात दकार्गल नावाचा अध्याय भूजलावर आहे. माणसाच्या अंगात जशा शिरा तशा जमिनीतही उंच-सखल शिरा असतात, अशी त्याची सुरुवात. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिण बाजूस दोन पुरुष खोलीवर गोडे पाणी मिळते, असे त्यात सांगितले आहे. पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची, साधारण साडेसात फूट. खणताना वाटेत कोणत्या रंगाची माती लागेल, कसा दगड लागेल, कुठे बेडूक सापडेल, अशा खुणाही दिल्या आहेत. यातील प्रत्येक विधान आज खरे ठरेल असा माझा दावा नाही. वारुळातल्या वाळवीला ओल लागते एवढे समजण्याजोगे आहे, दक्षिण बाजूचे कारण मला कळलेले नाही. पण ही विधाने अशी आहेत की कुदळ घेऊन तपासता येतील आणि खोटीही ठरतील. त्या अध्यायात झाडे आहेत, वारुळे आहेत, माती-दगड आहेत. नारळ नाही आणि काही पाणाडे नारळाऐवजी धरतात ती दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे असलेली, काठीही नाही. याच वराहमिहिराने त्याच ग्रंथात ग्रहणाचे कारण राहू नसून चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणात तो सूर्यासमोर येतो, असे स्वच्छ लिहिले आहे. दुबेळक्याच्या काठीचे सविस्तर जुने वर्णन पाहायचे तर ते अग्रिकोला या जर्मन विद्वानाने खाणकामावर लिहिलेल्या आणि १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. आणि त्यानेही जाणत्या खाणकामगाराने काठीच्या नादी न लागता जमिनीवरची नैसर्गिक चिन्हे पाहावीत असाच सल्ला दिला आहे. 'आपल्या पूर्वजांची विद्या' म्हणून काठीची बाजू घेणाऱ्या सभासदांना हा भाग शिक्षकांनी दोनदा वाचून दाखवला.

बोअर मार्च अखेरीस मॅडमच्या जागेवर घेतली. साडेसहा इंची. २८ फुटांपर्यंत मुरूम, ४० फूट केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आत घातलेला पाइप), ७२ फुटांवर पहिले पाणी, जेमतेम एक इंच. त्यानंतर पुन्हा काळा पाषाण आणि कोरडी भुकटी. काकांच्या १२० फुटांवर बाल्कन्या पुन्हा भरल्या होत्या. तिथे काही बदल झाला नाही. १५८ फुटांवर दुसरे पाणी लागले आणि एकूण दोन इंच भरले. अहवालात हा थर ४५ ते ५२ मीटरांच्या, म्हणजे साधारण १४८ ते १७० फुटांच्या दरम्यान सांगितला होता. गाडीवाल्याचे म्हणणे पडले की 'साहेब, अजून शंभर मारू, खाली समुद्र आहे.' त्याचा दर फुटाला असतो, हे लक्षात ठेवून या तिसऱ्या भविष्यवेत्त्याकडे पाहावे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोल विहिरीला खोल विहीर मानतो आणि त्यावर निर्बंध घालतो. आम्ही १९५ फुटांवर थांबलो.

पाणी बारमाही मात्र नाही. मार्चमध्ये सलग चार तास चालणारा पंप मेच्या मध्यास दीड तासात हवा ओढू लागला. अहवालात तेही होते: अशा खडकात साठवण थोडी असते, उपसा वाढला की पातळी झपाट्याने उतरते, म्हणून छतावरचे पाणी बोअरमध्ये गाळून सोडावे. हिशेबही दिला होता. १,२०० चौरस मीटर छत, पुण्याचा वर्षाचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के घट धरली तर सुमारे पावणेसात लाख लिटर पाणी हाती येते. हे काम आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण केले. २०२५ च्या मेमध्ये पंप अडीच तास चालला. त्यात पुनर्भरणाचा वाटा किती आणि त्या वर्षी मे महिन्यातच कोसळलेल्या पावसाचा किती, हे एका वर्षावरून सांगता येणार नाही, असे मॅडमनी कळवले. मला स्वतःला सगळे श्रेय पुनर्भरणाला द्यायचे होते.

कोणाला बोलावावे, असे विचारणाऱ्यांसाठी माझे मत असे. केवळ बोअरची जागा हवी असेल आणि भोवती मोकळी जमीन असेल, तर विद्युतरोध सर्वेक्षणाचा खर्च एका कोरड्या बोअरच्या खर्चापुढे काहीच नाही. आमची २०१८ ची बोअर मुरमाच्या केसिंगसह पन्नास हजारांच्या पुढे गेली होती. करार करताना अहवाल मराठीत, ठरलेल्या तारखेला आणि रद्द केलेल्या मोजमापांसह मिळेल, हे लिहून घ्यावे. चारही बाजूंनी इमारती आणि वाहिन्यांचे जाळे असेल, तर यंत्राला काम करता येणार नाही हे आधीच विचारून घ्यावे. प्रामाणिक माणूस तसे सांगतो. हमी देणाऱ्यापासून, मग तो नारळवाला असो वा यंत्रवाला, चार हात दूर राहावे. अलीकडे तांब्याच्या सळया आणि लुकलुकणारे दिवे लावलेल्या पेट्या 'थ्रीडी वॉटर स्कॅनर' म्हणून फिरू लागल्या आहेत. त्यांच्या मालकाला डोळे बांधून तीन फेऱ्या मारायला सांगावे.

काकांना मी गेल्या महिन्यात फोन केला. मुळशीच्या बाजूला माझ्या मेहुण्यांची थोडी जमीन आहे, तिथे नारळ न घेता नुसते हिंडून जमीन दाखवावी, झाडे-ओढे-वारुळे कशी पाहायची ते मला सांगावे, मोबदला तोच देईन, असे सुचवले. पलीकडे काही क्षण शांतता होती. 'नुसतं बघायचे पैसे कोण देतं, साहेब?' असे म्हणून ते हसले. दिवाळीनंतर बघू म्हणाले आहेत. तारीख अद्याप दिलेली नाही.